कलेचा न्याय कोणी करावा?

कस्टम्सच्या नाक्यावर मालावरची जकात ठरते. कलेची नीतिमत्ताही तेथेच ठरावी काय? २०२३ साली मुंबईच्या कस्टम्स अधिकाऱ्यांनी फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांच्या, विलायतेहून आलेल्या सात कलाकृती अश्लील ठरवून अडविल्या. पुढे जप्तीचा हुकूमही निघाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसते, असे स्पष्टपणे बजावले. या निर्णयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

या प्रकरणामागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. सूझा हे आपल्या साळगावचे. ‘चले जाव’ चळवळीत भाग घेतल्याबद्दल त्यांना जे. जे. कला विद्यालयातून काढून टाकण्यात आले होते. परंतु १९४९ साली, स्वतंत्र भारतातच, त्यांचे नग्न आत्मचित्र मुंबईच्या प्रदर्शनातून हटविले गेले व पोलिसांनी घराची झडती घेतली. त्याच वर्षी त्यांनी लंडनची वाट धरली. पदमसींनी निराळा मार्ग पत्करला. १९५४ साली जहांगीर कलादालनातील ‘लव्हर्स’ ही चित्रे उतरविण्यास पोलिसांनी फर्माविले, तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने साफ नकार दिला. खटला भरला गेला आणि ते निर्दोष सुटले. एकाने देश सोडला. दुसऱ्याने भिंतीवरचे चित्र काढले नाही.

समाजाच्या नीतीची चिंता आम्हांसही आहे. तथापि खजुराहोची शिल्पे जगाला अभिमानाने दाखवावयाची आणि आजच्या चित्रकाराला मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे, ही विसंगती होय. चित्र रुचले नाही तर त्यावर टीका करावी, त्याकडे पाठ फिरवावी. तो प्रेक्षकाचा हक्कच आहे. परंतु एखाद्या अधिकाऱ्याची वैयक्तिक नावड म्हणजे कायदा नव्हे. पोर्तुगीज अमदानीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे. हे दुखणे काय असते, ते गोमंतकीयांना सांगावयास नको.

सूझा २००२ साली निवर्तले, पदमसी २०२० साली. कस्टम्सला उत्तर द्यावयास दोघेही हयात नव्हते. ते काम कलाकृतींच्या मालकाला आणि न्यायालयाला करावे लागले. उद्या एखाद्या नवोदित चित्रकाराला चित्र उतरविण्याचा हुकूम होईल, तेव्हा रसिकांनी त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. अन्यथा आणखी एक साळगावकर परदेशी जाईल, आणि त्याच्या निधनानंतर आपण त्याचा गौरव करीत बसू.