अर्जासाठी फोटो हलका करताना

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा आयबीपीएसच्या बँक परीक्षेचा, कोल्हापुरातली मुलं अर्ज भरताना अडतात ती फाइलच्या आकारावर. आयबीपीएसला फोटो २० ते ५० केबीत हवा, सही १० ते २० केबीत. फोनमधला फोटो मात्र तीन-चार एमबीचा.

घाईत थेट क्वालिटी उतरवली जाते आणि चेहऱ्यावर चौकटी उमटतात. १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या जेपीईजी पद्धतीत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून प्रत्येकातला बारीक तपशील गाळतात. फार गाळला की तुकड्यांच्या कडा दिसू लागतात. म्हणून आधी लांबी-रुंदी कमी करावी. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. अर्जाला हवेत २०० बाय २३०, म्हणजे ४६,०००. चेहऱ्याभोवती कापून या मापात आणला की चांगल्या क्वालिटीतही फोटो ५० केबीत बसतो. उलट कधी २० केबीही भरत नाहीत. मग क्वालिटी वाढवायची.

छापील दाखल्याचा स्कॅन ३०० डीपीआयऐवजी १५० वर केला तर पिक्सेल एक चतुर्थांश होतात, आणि अक्षरं तरीही वाचता येतात. जुन्या मोडी नोंदीला हा नियम लावू नये. तिथली फिकट शाई आणि जोडून लिहिलेली अक्षरं आधी पुसट होतात, आणि त्यावर घराण्याचा पुरावा अवलंबून असतो. अशा कागदाचा मूळ स्कॅन वेगळा जपावा आणि प्रत्येक अर्जासाठी त्याचीच नवी प्रत करावी. जेपीईजी दुरुस्त करून पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील कायमचा जातो.