पिकअप नेमकी कुठून घरघरते?

‘गाडी आवाज करतेय’ एवढंच सांगून जुनी पिकअप गॅरेजमध्ये सोडली, की बहुतेक वेळा आधी चाकाचं बेअरिंग बदललं जातं. ते स्वस्त असतं, लवकर निघतं आणि जुन्या गाडीत थोडंफार झिजलेलं सापडतंच. आवाज मात्र तसाच राहतो. मग डिफरन्शियल उघडायचा विषय निघतो आणि बिलाचा आकडा वाढत जातो. खरं तर फोर-बाय-फोर पिकअपचा आवाज पाना हातात न घेताही निम्म्याहून अधिक शोधता येतो. इंजिनापासून चाकापर्यंतचा प्रत्येक भाग आपापल्या गतीने फिरतो आणि त्याच्यावर जोरही ठरावीक वेळीच येतो. तो केव्हा येतो हे कळलं की संशयित एकेक करून कमी होतात.

कांदिवलीच्या आकुर्ली रोडवरच्या महिंद्राच्या कारखान्यामुळे जीपच्या वंशातल्या गाड्या मुंबईच्या उपनगरांना परक्या नाहीत. त्या जुन्या गाड्या घ्या, 2007 साली आलेली स्कॉर्पिओ गेटअवे घ्या, ताकदीची वाट साधारण सारखीच आहे. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, त्यामागे ट्रान्स्फर केस. तिथून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलकडे जातो आणि दुसरा पुढच्याकडे. टू-एचमध्ये फक्त मागची चाकं ओढतात, फोर-एचमध्ये चारही, आणि फोर-एलमध्ये ट्रान्स्फर केसमधला आणखी एक गिअर वेग साधारण अडीच पट कमी करून जोर वाढवतो.

आता थोडा हिशोब. अशा गाडीचं चाक एका फेऱ्यात जवळजवळ 2.4 मीटर पुढे जातं. म्हणजे ताशी 60 किलोमीटरला ते सेकंदाला सातेक फेरे घेतं. डिफरन्शियलमध्ये पिनियन या लहान गिअरला 10 दात आणि क्राउन या मोठ्या गिअरला 41 धरले, तर प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला 28 फेरे घेतो आणि दातावर दात सेकंदाला सुमारे 285 वेळा येतो. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली काळी एक 277 कंपनांची असते, म्हणजे क्राउन-पिनियनचं रडणं जवळपास त्याच पट्टीत लागतं! चाकाशी निगडित आवाज त्या मानाने फार खालचा, धप-धप किंवा घुं-घुं असा. तोल गेलेला शाफ्ट या दोन्हींच्या मधे. तो ऐकू येण्यापेक्षा सीटखाली थरथर म्हणून जास्त जाणवतो. त्यामुळे मेकॅनिकला ‘आवाज येतो’ असं सांगण्यापेक्षा ‘चाळीसला सुरू होतो, साठला सुरात रडतो, वेग कमी केला की खाली उतरतो’ असं सांगितलंत, तर त्याचा अर्धा दिवस वाचेल.

पहिली परीक्षा उभ्या गाडीची. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. घरघर येत असेल आणि क्लच दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग बघा. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग गेलंय. डिफरन्शियल यात कुठेच नाही, कारण गाडी हललेलीच नाही.

मग पहाटे, गर्दी नसताना रस्त्यावर निघा. सोबत कुणीतरी असावं, म्हणजे एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. आधी टायरचा संशय फेडून घ्या. उपनगरांत काँक्रीट संपून डांबर आणि डांबर संपून पुन्हा काँक्रीट लागतं, हे इथे उपयोगी पडतं. रस्ता बदलल्याबरोबर आवाज बदलला तर दोष टायरच्या वेड्यावाकड्या झिजेचा, कारण डिफरन्शियलला वरच्या रस्त्याचं काही पडलेलं नसतं. फ्लायओव्हरच्या कठड्यालगत काच खाली करून चालवलं, तर भिंतीवरून परतलेला आवाज चांगला ऐकू येतो आणि तो पुढून येतोय की मागून याचाही अंदाज लागतो.

आवाज स्पष्ट असेल त्या वेगाला तीन गोष्टी करून बघा: ॲक्सिलरेटर दाबा, सोडा, आणि गाडी ना ओढली जाईल ना रेटली जाईल इतपत हलका ठेवा. क्राउनच्या दातांना दोन बाजू असतात. ओढताना एक बाजू काम करते, ॲक्सिलरेटर सोडल्यावर दुसरी. त्यामुळे रडणं यांपैकी एकाच वेळी येत असेल तर संशय दातांवर जातो. सोडल्यावरच घुमत असेल तर पिनियनचं बेअरिंग ढिलं झालेलं असण्याची शक्यता धरा. तिन्ही वेळा सारखीच खरखर असेल तर बेअरिंग. यानंतर सपाट, मोकळ्या जागी क्षणभर न्यूट्रल करा. इंजिनाची गती उतरूनही आवाज गाडीच्या वेगाबरोबर चालूच राहिला, तर इंजिन आणि क्लच सुटले आणि शोध मागे सरकला. मात्र या चाचणीत इंजिन कधीही बंद करू नका. ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते.

चाकाच्या बेअरिंगची ओळख वळणावर पटते. डावीकडे हलकंसं वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घुं-घुं वाढली तर उजवी बाजू तपासा. उजवीकडे वळताना वाढली तर डावी.

खटक्याचं प्रकरण वेगळं. रिव्हर्स टाकताना किंवा ॲक्सिलरेटर धरता-सोडताना ‘टण्ण’ होतं, तेव्हा वाटेत कुठेतरी प्ले साठलेला असतो. चारही चाकांना अडण लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, खाली शिरा आणि प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळा. शाफ्टच्या जॉइंटमधल्या क्रॉसच्या टोप्यांत हालचाल दिसली, किंवा टोपीभोवती गंजाची तांबडी पूड दिसली, तर क्रॉस गेला. हाच क्रॉस ग्रीसविना कोरडा पडला की चालायच्या वेगाला चिक-चिक करतो आणि त्याची लय चाकापेक्षा जलद असते. लांब पिकअपचा मागचा शाफ्ट पुष्कळदा दोन तुकड्यांत असतो आणि मधे रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं. ते रबर फाटलं की माल भरलेली गाडी उचलताना थडथडते. हा दोष डिफरन्शियलच्या माथी मारला गेलेला मी इतक्या वेळा ऐकलाय, की आधी तेच बघावं असं माझं मत आहे.

पुढच्या ॲक्सलसाठी फोर-बाय-फोरवाल्यांकडे एक हुकमी चाचणी आहे. हातानं फिरवायचे लॉकिंग हब असतील तर ते मोकळे करून चालवा, मग लावून चालवा, दोन्ही वेळा टू-एचमध्येच. मोकळ्या हबला आवाज गेला आणि लावल्यावर परतला, तर दोष पुढच्या शाफ्टचा किंवा डिफरन्शियलचा, कारण हब मोकळे असले की तो सगळा पसारा फिरतच नाही. पूर्ण वळणावर कट-कट येत असेल तर सीव्ही जॉइंट आणि त्याचं फाटलेलं रबरी बूट.

एक आवाज मात्र बिघाड नसतो. फोर-एच लावून कोरड्या काँक्रीटवर वळलात, की गाडी अडते, उड्या मारते, कडकडते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, आणि या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये तो फरक जिरवणारं काही नसतं. चाक घसरल्याखेरीज पीळ सुटत नाही. फोर-व्हील चिखलासाठी, वाळूसाठी आहे, अंधेरीच्या सिग्नलसाठी नाही. पण म्हणून वर्षभर ते न लावणंही वाईट. आत तेल फिरत नाही आणि जोडणारे भाग जाम होतात. गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर अधूनमधून लावावं.

आपल्याकडच्या आवाजांचं सर्वांत मोठं मूळ मात्र पाणी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस राहू द्या. साध्या पावसाळ्यातही अंधेरीच्या सबवेत पाणी भरतं. धावून तापलेला ॲक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे ॲक्सलच्या हवेच्या छिद्रातून, किंवा थकलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. त्या दिवशी काहीच कळत नाही. बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात आणि घरघर सुरू होते दिवाळीच्या सुमारास. म्हणून ॲक्सल बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी काढली, तर त्याच आठवड्यात तेल बघावं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉडीपर्यंत नेणं हे फार थोड्या खर्चाचं काम आहे.

तेल बघताना आधी वरचा, भरायचा बोल्ट सैल होतो का पाहा, मगच खालचा उघडा. तेल काढून झाल्यावर वरचा अडकला तर गाडी तिथेच बसेल. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. खालच्या बोल्टच्या चुंबकावर बारीक करडा लेप ही वयाची झीज आहे, तिची काळजी नको. टोचणारे कपचे मिळाले तर मात्र गाडी पुढे चालवू नका. भरताना पुस्तक बघा. हायपॉइड डिफरन्शियलला जीएल-5 लागतं, पण तेच जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवेलच असं नाही. काही ट्रान्स्फर केसना तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल लागतं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग शोधणार असाल, तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या आणि दोघांवर कोरलेले आकडे जुळतात का पाहा. कारखान्यात ते एकमेकांवर घासून बसवलेले असतात. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन जोडला, तर नवा आवाज विकत घेतल्यासारखं होईल.

वर्षानुवर्षं एकाच सुरात रडणारं डिफरन्शियल तेल नीट असेल तर बरंच चालतं. आठवड्याभरात वाढलेली खरखर, हात लावता न येणारं तापलेलं हौसिंग किंवा वेगाबरोबर वाढणारी शाफ्टची थरथर असेल, तर गाडी गणपतीला कोकणात न्यायचा बेत सोडा. गॅरेजपर्यंतही ती ट्रकवर चढवूनच न्यावी. दोन चाकं उचलून ओढलीत आणि शाफ्ट तसाच फिरत राहिला, तर इंजिन बंद असल्यामुळे काही ट्रान्स्फर केसमध्ये तेल चढत नाही. ओढण्यावाचून इलाजच नसेल, तर आधी जमिनीवर राहणाऱ्या चाकांकडचा प्रोपेलर शाफ्ट उतरवून घ्या.