एका दमावरची मासेमारी



मासेमारी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें जाळें येतें, नाहीं तर गळ. मालवण-रत्नागिरीकडच्या मंडळींना रापण ओढणारी माणसें आठवतील. या सर्व प्रकारांत मासा पाण्यांत आणि माणूस पाण्याबाहेर, अशी वाटणी ठरलेली असते. आज मी ज्या लोकांविषयीं बोलणार आहें, ते मात्र स्वतःच माशाच्या घरीं जातात, आणि तेंही एका श्वासावर.

फिलिपाइन्स, मलेशिया व इंडोनेशिया या देशांच्या मधल्या समुद्रांत बजाऊ नांवाचे लोक आहेत. शेंकडों वर्षें यांचा संसार नावेंतच चालला. ‘लेपा’ नांवाची लाकडी नाव, तिच्यावर छप्पर, छपराखालीं चूल, भांडीं आणि मुलेंबाळें. गोड्या पाण्यासाठीं व लांकूडफाट्यासाठीं काय तें किनाऱ्याला लागावयाचें. आतां त्यांतील बहुतेक कुटुंबें पाण्यांत रोंवलेल्या खांबांवरच्या घरांत किंवा किनाऱ्यावर राहतात. पाण्याशीं नातें मात्र सुटलेलें नाहीं.

त्यांचीं हत्यारें पाहिलींत तर हंसूं येईल. लांकडाच्या चौकटींत कांचा बसवून घरींच केलेला चष्मा, आणि लांकडाचीच एक बंदूक. हिच्यांत दारू नसते. आपल्या पोरांची बेचकी ज्या तत्त्वावर चालते त्याच तत्त्वावर ताणलेलें रबर सुटतें आणि लोखंडी सळई माशाकडे धांवते. नेम धरणें मात्र सोपें नव्हे. पाण्याखालीं चष्म्यांतून पाहिलें असतां वस्तु आहे त्याच्या पाऊण अंतरावर दिसते. म्हणजे चार हातांवरचा मासा तीन हातांवर, आणि त्या मानानें मोठाहि. प्रकाशाचें वक्रीभवन मी तीस वर्षें पेल्यांतल्या पेन्सिलीवर शिकविलें. हें उदाहरण तेव्हां ठाऊक असतें तर मागच्या बांकावरचीं मुलेंहि जागीं राहिलीं असतीं.

आतां बुडी मारणाऱ्याच्या शरीराकडे वळूं. समुद्रांत दहा मीटर खालीं गेलें कीं आपल्या नेहमींच्या हवेइतकाच आणखी एक दाब अंगावर येतो. त्यामुळें छातींतली हवा आकुंचन पावून निम्मी होते, वीस मीटरांवर एक तृतीयांश, तीस मीटरांवर एक चतुर्थांश. कानाच्या पडद्यावर हाच दाब येतो. नाक दाबून आंतून हवा सोडली नाहीं तर पडदा फाटतो. तोंडाला गार पाणी लागतांच हृदयाचे ठोके मंदावतात आणि हातापायांचें रक्त आखडतें घेऊन तें मेंदू व हृदय यांच्याकडे राखलें जातें. ही सोय तुमच्याआमच्याजवळहि आहे.

बजाऊंजवळ याहून कांहीं अधिक आहे काय, हें पाहण्यासाठीं मेलिसा इलार्डो नांवाच्या संशोधिकेनें सुलावेसी बेटावर या लोकांच्या प्लीहेचीं मापें घेतलीं. प्लीहा म्हणजे आपली पानथरी. श्वास कोंडला कीं ती आकसते आणि सांठविलेल्या तांबड्या रक्तपेशी रक्तांत सोडते. जणुं अडचणीच्या दिवसासाठीं गृहिणीनें डब्यांत ठेवलेली चिल्लर. जवळच जमिनीवर राहणाऱ्या सालुआन लोकांशीं ताडून पाहतां बजाऊंची प्लीहा सुमारें पन्नास टक्क्यांनीं मोठी भरली. हा शोध 2018 सालीं प्रसिद्ध झाला. विशेष असें कीं, ज्या बजाऊंनीं बुडी मारण्याचा धंदा केलाच नाहीं त्यांचीहि प्लीहा मोठीच होती. म्हणजे हा केवळ तालमीचा गुण नव्हे. तो पिढ्यांमधून उतरलेला आहे.

पण ज्यासाठीं हा विषय मीं घेतला तो भाग पुढेंच आहे. श्वास कोंडल्यावर जीव कासावीस होतो, तो प्राणवायु संपला म्हणून, असा आपला समज असतो. तसें नाहीं. कर्बद्विप्राणिद वायु सांचतो म्हणून श्वास घ्यावासा वाटतो. आतां बुडीपूर्वीं भराभर पंधरावीस दीर्घ श्वास घेतले तर काय होईल? प्राणवायु फारसा वाढत नाहीं, कारण रक्त आधींच जवळजवळ भरलेलें असतें. कर्बद्विप्राणिद मात्र धुऊन निघतो. म्हणजे धोक्याची घंटाच काढून घेतली! माणसाला बरें वाटत असतें, आणि त्याच स्थितींत प्राणवायु संपून शुद्ध हरपते. खोल पाण्यांतून वर येतांना तर दाब उतरल्यानें फुप्फुसांतला उरलासुरला प्राणवायूहि रक्ताला मिळेनासा होतो. म्हणून कित्येक पाणबुडे तळाशीं नव्हे, तर पृष्ठभागाच्या हातभर खालीं बेशुद्ध होतात.

हें मला ठाऊक नव्हतें. सुमारें 1990 सालीं एका उन्हाळ्यांत गांवच्या विहिरीवर मुलांची पैज लागली होती, कोण जास्त वेळ बुडून राहतो याची. मीच कांठावरून सांगितलें, “अरे, आधीं वीस दीर्घ श्वास घ्या.” एक चुणचुणीत मुलगा इतका वेळ राहिला कीं बाकीचे टाळ्या पिटूं लागले. मीहि पिटल्या. त्याच्या थोरल्या भावाला मात्र शंका आली आणि त्यानें उडी घेतली. मुलगा निळा पडला होता. पालथा घालून, छाती चोळून, तो कसाबसा शुद्धीवर आला. घरच्यांनीं मला दोष दिला नाहीं. तो मीं नंतर पुस्तकें वाचून स्वतःस दिला.

बजाऊंच्या समुद्रांतहि आतां नवें संकट आहे. हवा भरणारें यंत्र नावेवर ठेवून रबरी नळीनें खालीं श्वास घेत तासन् तास काम करतां येतें. परंतु दाबाखालच्या हवेंतला नत्रवायु रक्तांत विरघळतो, आणि घाईनें वर आलें कीं सोड्याच्या बाटलीसारखे त्याचे बुडबुडे सुटतात. त्यानें कित्येक धडधाकट माणसें कंबरेखालीं लुळीं झालीं आहेत. एका श्वासावर जाणाऱ्याला हें भय फारच थोडें. दम संपला कीं त्याला वर यावेंच लागतें.

विहिरींतल्या त्या मुलाची मुलगी गेल्या उन्हाळ्यांत पोहायला शिकली. तिच्या पाठीला डबा बांधला होता, आणि कांठावर मी बसलों होतों. तिनें विचारलें, “आजोबा, बुडी मारूं?” मीं म्हटलें, “मार, पण नेहमींसारखा एकच श्वास घे, आणि बाबांनीं हात पाण्यांत ठेवल्यावर.”