भाज्याचे कललेले खांब आणि चोवीसची लेन्स

भाज्याच्या चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. हे मला पहिल्या भेटीपासून माहीत होते. तरीही 2006 साली मीच ते सरळ केले. छिन्नीने नव्हे, संगणकावर. एका छोट्या पुस्तिकेत ते छायाचित्र छापले गेले आणि महिन्याभरात एका निवृत्त अभियंत्यांचे पोस्टकार्ड आले. खांब कधी सरळ केले याची बातमी आपल्यापर्यंत पोहोचली नव्हती, एवढेच त्यांनी लिहिले होते.

ते छायाचित्र ज्या लेन्सने काढले ती निकॉनची 24 मिलिमीटर, एफ/2.8, हाताने फोकस करायची. 1996 साली मुंबईच्या फोर्टात ती सेकंडहँड घेतली. वजन जेमतेम पाव किलो. आजवर मी जितकी लेणी पाहिली त्यातली बहुतेक हिच्यातूनच.

अशा लेन्सची रचना समजून घेण्यासारखी आहे. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात लेन्स जिथे अडकते ती कडी आणि फिल्म यांच्यात 46.5 मिलिमीटर अंतर असते, कारण मध्ये आरसा वर-खाली होतो. साधे 24 मिलिमीटरचे भिंग फिल्मपासून तेवढ्याच अंतरावर हवे, म्हणजे नेमके आरशाच्या वाटेत. यावर तोड अशी की पुढच्या काचांनी प्रकाश आधी फाकवायचा आणि मागच्या काचांनी तो गोळा करायचा. दुर्बीण उलटी धरावी तसे. फ्रान्समध्ये पिएर आंझेनिए यांनी 1950 साली या पद्धतीची 35 मिलिमीटरची लेन्स बाजारात आणली. पण अशा लेन्स जवळच्या वस्तूवर कडेला मऊ पडत. निकॉनने 1967 साली 24 मिलिमीटरच्या लेन्समध्ये फोकस करताना काचांच्या गटांमधले अंतरही बदलेल अशी सोय केली. शिलालेखाच्या फूटभर जवळ गेलो तरी कडेची अक्षरे वाचता येतात ती त्यामुळे.

लेण्यात हिचे गणित तोंडपाठ होते. आडव्या चौकटीत आपल्या अंतराच्या दीडपट रुंदी मावते. भाज्याचे चैत्यगृह सुमारे 59 फूट लांब आणि 27 फूट रुंद आहे. 18 फुटांवरून सगळी रुंदी येते. नेहमीच्या 50 मिलिमीटरच्या लेन्सला त्यासाठी साडेसदतीस फूट मागे जावे लागेल. एफ/8 वर फोकस अडीच मीटरच्या जरा अलीकडे ठेवला, की सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे चालण्याजोगे स्पष्ट. फोकसची कडी तिथेच ठेवून मी दिवसचे दिवस काम केले आहे. लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपार कलली की प्रकाश आत स्तूपाकडे सरकत जातो. तिपाईसाठी परवानगी लागते. खांबाजवळ श्वास रोखून उभे राहणे विनापरवाना चालते.

आता तिचे दोष. चौकटीच्या डाव्या-उजव्या काठावर गोल वस्तू सव्वापट लांबट होते. काठावर उभा राहिलेला माझा मित्र प्रत्येक फोटोत जाड दिसतो आणि त्याचे खापर लेन्सवर फोडतो. त्याचे थोडेफार खरे आहे. कडेच्या सरळ रेषाही किंचित बाहेर फुगतात. पण खरा घोटाळा कॅमेरा वर उचलल्यावर होतो. चैत्याचे गजपृष्ठाकार छत चौकटीत घ्यायचे म्हणून कॅमेरा नुसता 10 अंश वर केला, तरी काठावरचा अगदी उभा खांब सुमारे साडेसात अंश आत झुकलेला उमटतो. 50 मिलिमीटरमध्ये हाच झुकाव साडेतीन अंशांच्या आसपास राहतो.

भाज्यात नेमकी इथेच गफलत होते, कारण तिथला खरा कलही त्याच दिशेने आहे. खोटा आणि खरा कल एकमेकांत मिसळून जातात. मी संगणकावर खोटा काढायला गेलो, खांब काटकोनात येईपर्यंत चौकट ओढली आणि खराही काढून टाकला. चित्र फार सुबक झाले होते. तेव्हाच संशय यायला हवा होता.

हा कल म्हणजे कारागिराची चूक नव्हे. लाकडी सभागृहात कमानदार छपराचा रेटा बाहेरच्या दिशेने असतो, म्हणून खांब आत कलते ठेवायचे. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात भाजे कोरणाऱ्यांनी सुतारांची ती रीत दगडात जशीच्या तशी उतरवली. अखंड कातळात तिची गरजच नव्हती. पुढे कार्ल्यापर्यंत येताना खांब उभे झाले. जेम्स फर्ग्युसन यांनी तर खांबांच्या कलावरून चैत्यगृहांचा क्रम लावण्याचा प्रयत्न केला. जेम्स बर्जेस यांच्यासह लिहिलेला त्यांचा लेण्यांवरचा ग्रंथ 1880 साली निघाला. केवळ कलावरून काळ ठरवणे मला धाडसाचे वाटते, पण भाजे लाकडाच्या जवळचे आणि कार्ले त्यापासून सुटलेले, हे तिथे उभे राहिल्यावर पटते. मी सरळ केलेल्या छायाचित्रात भाजे कार्ल्याच्या पंक्तीत जाऊन बसले होते. ते पाहून कोणी काही निष्कर्ष काढला असता तर तो चुकला असता, आणि खाली नाव माझे होते.

पोस्टकार्डानंतर दोन गोष्टी सुरू केल्या. कॅमेऱ्यावर पाण्याची छोटी लेव्हल बसवली, आणि पिशवीत गवंड्याचा ओळंबा आला. कॅमेरा दोन्ही बाजूंनी पातळीत असेल तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. मग जो कल दिसतो तो दगडाचा. छतासाठी कॅमेरा उचलायचा नाही, तो उभा धरायचा. 18 फुटांवरून डोळ्याच्या उंचीच्या वर साडेतेरा फूट मिळतात. खालचा अर्धा फोटो निव्वळ जमिनीचा जातो, तो कापून टाकायचा. मोजायचा खांब काठापासून दूर ठेवायचा, आणि जाडीची तक्रार करणाऱ्या मित्राने चौकटीत ओळंबा धरून उभे राहायचे. दोऱ्याशी खांब ताडून पाहिला की वाद उरत नाही.

जुन्या निगेटिव्हांचे मात्र काही करता येत नाही. ज्या चौकटीत खात्रीची एकही उभी रेषा नाही, तिथे कॅमेरा किती उचलला होता हे मला आठवून सांगता येणार नाही. त्या पाकिटांवर मी लाल शाईने ‘पातळीत नाही’ असे लिहून ठेवले आहे.

कर्जतजवळच्या कोंडाण्याचे काम अजून बाकी आहे. तिथेही खांब आत कललेले, पण बहुतेकांचा खालचा भाग झिजून-तुटून गेला आहे. कल वाचायचा तो उरलेल्या वरच्या तुकड्यांवरून. दिवाळीनंतर वाट वाळली की जायचे ठरले आहे. ओळंब्याला नवा, जाड पांढरा दोरा बांधून घेतला आहे. जुना सावलीत दिसत नव्हता.