रेहेकुरीच्या माळावर

वार्षिक परीक्षा आटोपल्या की व्यापारी घरांतील मुलांची सुट्टी बहुधा दुकानाच्या गल्ल्यापाशी किंवा मोबाईलवर सरते. कर्जतच्या जवळच रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. १९८० साली स्थापन झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे.

चैत्रात ऊन लवकर चढते आणि कळप सावली धरतात. म्हणून सूर्योदयालाच पोहोचावे. नवकारशी करणाऱ्यांना डबा उघडण्यापूर्वीचा तो वेळ हरणांसाठी मोकळाच मिळतो. पीळदार शिंगांचा काळाभोर नर आणि बिनशिंगांच्या पिंगट माद्या मुले चटकन ओळखतात. कोवळा नरही पिंगटच असतो, वयाबरोबर काळवंडत जातो. त्याला माद्यांतून निवडून काढण्यात तासभर सहज जातो. शांतिनाथ प्रभूंचे लांछन मृग, हे पाठशाळेत घोकलेल्या मुलाला ते मृग येथे धावताना दिसते.

मात्र एवढ्याशा रानात कळप मावत नाहीत. ते भोवतालच्या शेतांत उतरतात, उभे पीक खातात. काळविटाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, आणि ते योग्यच. पण आपल्या जीवदयेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हेही मुलांना तेथेच सांगावे. शक्य झाल्यास बांधावरच्या शेतकऱ्याशी त्यांना बोलू द्यावे. दुकानात येणारे गिऱ्हाईक म्हणूनच ती त्याला ओळखतात.

दुपारनंतर भीमाकाठचे सिद्धटेक किंवा राशीनच्या देवीची हलती दीपमाळ पाहून चौविहारापूर्वी घरी परतता येते.