डोंगर फोटोत लहान का होतो?

विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं डोंगरांच्या फोटोंशी काय काम? काम आहे. गडावरून उतरलेला माणूस घरी फोटो दाखवताना हमखास म्हणतो, "प्रत्यक्षात फार भारी होतं हो, फोटोत काही आलं नाही." यात ज्ञानमीमांसेचा एक उत्तम प्रश्न दडलेला आहे. काय यायचं राहिलं?

आपण डोंगर बघतो तेव्हा डोळा एका जागी थांबत नाही. तो माथ्यावर जातो, दरीत उतरतो, आणि जे महत्त्वाचं वाटतं त्याला मन मोठं करून घेतं. कॅमेऱ्याला हे निवडणं ठाऊक नाही. तोरण्याचा माथा आणि पायाशी पडलेला बिस्किटाच्या पुड्याचा कागद, दोन्हींची त्याच्या लेखी किंमत सारखीच. त्यात मोबाइलचं मुख्य भिंग बरंच रुंद बघणारं असतं. त्यामुळे राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून टिपलेला तोरणा क्षितिजावरची एक वेडीवाकडी रेघ होऊन बसतो.

मग लोक नवीन लेन्स घेतात. इथे जरा थांबू या. भिंग बदलल्याने दोन वस्तूंमधलं नातं बदलत नाही. एकाच जागी उभं राहून २४ मिलिमीटर आणि १०० मिलिमीटर अशा दोन भिंगांनी फोटो काढा. पहिल्याचा मधला भाग कापून मोठा केलात की रचना दुसऱ्या फोटोचीच दिसेल, फक्त तपशील कमी. नातं बदलतं ते तुमच्या पायांमुळे. समजा, पुढे बुरूज आहे आणि मागे तोरणा. बुरुजापासून दहा पावलांवर उभे असाल तर बुरूज तोरण्याला गिळून टाकतो. मागे सरकत शंभर पावलांवर गेलात की बुरूज दहापट लहान दिसतो; तोरणा मात्र जवळपास तेवढाच राहतो, कारण तो काही किलोमीटर लांब आहे, त्याला तुमच्या शंभर पावलांची काय मातब्बरी! आता लांबचं भिंग लावा. तोरणा बुरुजामागे भिंतीसारखा उभा राहील. म्हणून माझं सांगणं असं की आधी जागा शोधा, कॅमेरा पिशवीतून नंतर काढा.

कांटने १७९० सालच्या ग्रंथात उदात्ताचा विचार करताना पिरॅमिडचा दाखला दिला आहे. फार जवळ गेलात तरी आणि फार दूर राहिलात तरी त्याच्या प्रचंडतेचा पूर्ण परिणाम होत नाही. स्वतः कांट इजिप्तला कधी गेला नव्हता, एका प्रवाशाच्या वर्णनावर भिस्त होती. (हशा) पण मुद्दा पक्का आहे.

प्रचंडतेला माप लागतं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा नुसता कातळ म्हणून टिपला तर तो शंभर फुटांचा की हजार फुटांचा, कळणार कसं? माथ्यावर एक माणूस येऊ द्या, लगेच कळतं. कडा कमानीसारखा वळलेला आहे, तेव्हा एका टोकावरून दुसरं टोक टिपता येतं आणि माणूस काठापासून चांगला आत असला तरी आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो. त्याला काठावर उभं करायची गरजच नाही. फोटोसाठी जे शेवाळलेल्या काठावर जातात, त्यांच्या धाडसाचं मला अजिबात कौतुक नाही.

या कड्याचं तोंड पश्चिमेला. सकाळी तो सावलीत असतो. उतरत्या उन्हात मात्र लाव्हाचे आडवे थर एकेक करून मोजता येतात. भर दुपारी सगळं सपाट.

आता धूसरपणा. मे महिन्यात हवा धुरकट असते, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात बरीच निवळते. पण लांबच्या रांगा फिकट निळ्या दिसतात, तो दोष मानू नका. मधल्या हवेत विखुरलेला तो प्रकाश आहे आणि अंतर आपल्याला त्यावरूनच उमगतं. सॉफ्टवेअरमधली 'डीहेझ'ची पट्टी शेवटपर्यंत ओढलीत की पाच रांगा एकाच भिंतीवर चिकटवल्यासारख्या होतात.

तांत्रिक भाग थोडक्यात सांगतो. आयएसओ कमीत कमी, कॅमेरा तिपाईवर, दोन सेकंदांचा टायमर, छिद्र एफ ८ ते ११ च्या दरम्यान. त्याहून बारीक केलंत तर विवर्तनामुळे तपशील मऊ पडतो. फाइल 'रॉ' ठेवा. ढग जळू देऊ नका. अंधारातला तपशील नंतर बराचसा वर काढता येतो, पांढरा फटक पडलेला ढग परत येत नाही. आणि भिंग पुसा! निम्म्या लोकांचा धूसरपणा तिथेच असतो.

एक चिठ्ठी आली आहे: "फोटो सुधारणं म्हणजे खोटेपणा नाही का?" अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोमचा फोटो घेताना शेवटच्या काचेसाठी लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं झालं. डोळ्यांना ते तसं दिसत नव्हतं. पण आकाश त्याच दिवसाचं होतं, कडाही तोच. त्याने भर कशावर द्यायचा ते ठरवलं. हल्लीची अ‍ॅपं एका बोटाने आख्खं आकाश बदलून देतात. तो फोटो दिवाणखान्यात लावा, माझी हरकत नाही. त्याखाली 'राजगड' आणि तारीख लिहिलीत, तर मात्र तुम्ही त्या दिवसाबद्दल एक विधान केलं, आणि ते खोटं आहे.