बंद काचेआडचे मूल

सकाळी क्रांती चौकात उभे राहिले, म्हणजे शाळेस निघालेली मुले दिसतात. काही रिक्षात दाटीने बसलेली, काही घरच्या मोटारीत. त्यांच्या शेजारी बसून कोणी धूर सोडला, तर कायदा काय म्हणतो? दोन्ही मुलांसाठी उत्तर एक नाही.

२००३ च्या तंबाखूविषयक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. सार्वजनिक वाहने त्यात येतात. दंड २०० रुपयांपर्यंत. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी प्रवासी वाहन चालविताना धूम्रपान करणे हे परवान्यावर गदा आणणाऱ्या कृत्यांत गणले आहे. म्हणजे रिक्षावाल्याने विडी पेटविली, तर दंड होतो आणि पोटावरही पाय येऊ शकतो. खाजगी मोटार मात्र सार्वजनिक ठिकाण नव्हे. तिथे मालकास मोकळीक.

आता ई-सिगारेट, म्हणजे वेप, घ्या. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने, आणि मग त्याच वर्षीच्या कायद्याने, तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी आली. विक्रेत्यास पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परंतु ओढणाऱ्यासाठी शिक्षेचे वेगळे कलम त्यात नाही. दुकानदार सापडतो, मोटारीतला बाप सुटतो.

ही नुसती वाफ आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. बहुतेक वेपमध्ये निकोटीन असते, आणि त्या फवाऱ्यातील सूक्ष्म कण शेजारच्याच्या छातीत जातात. मुलाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो. रिक्षा निदान बाजूंनी उघडी. मोटारीच्या काचा बंद.

इंग्लंडने १ ऑक्टोबर २०१५ पासून अठरा वर्षांखालील मूल बसलेल्या खाजगी मोटारीत धूम्रपान गुन्हा ठरविले. वेप मात्र त्या वेळी वगळले.

खाजगी मोटारीत सरकारने डोकावू नये, हा आक्षेप टिकत नाही. आपल्याच मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास सुरक्षापट्टा न बांधल्यास १,००० रुपये दंड आहे. पट्टा पाहणाऱ्या कायद्याने श्वासाकडे पाठ का फिरवावी?

मी कामगार चळवळीतला माणूस. तरी रिक्षावाल्यास सूट द्या, असे मी म्हणणार नाही. त्याला लावलेला नियम मोटारवाल्यासही लावा, एवढेच मागणे. आणि कायदा येईतो, मूल गाडीत असेल तेव्हा ती नळी खिशातच राहू द्या. त्यासाठी कलमाची वाट पाहावी लागत नाही.